कल्हई उडते, तेच बरं?

आजीच्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकायचं. म्हणून दारावर कल्हईवाला यायचा. भाता मारून पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं पुसताच आतून पातेलं चांदीसारखं चमकायचं. काही महिन्यांनी कल्हई उडायची. पुन्हा भाता, पुन्हा पैसे.

हे एकदाच, कायमचं करता आलं तर? रसायनशास्त्रानं ते मनावर घेतलं. ट्रेकला नेतो त्या अनेक जॅकेटांवरून पाऊस घरंगळत आला, तो धाग्यांवर बसवलेल्या फ्लोरिनयुक्त रेणूंमुळे. कार्बन-फ्लोरिन हा सेंद्रिय रसायनांतल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. ऊन, पाणी, जिवाणू यांना तो सहसा दाद देत नाही.

गंमत अशी, की जॅकेट तरीही काही पावसाळ्यांनी भिजायला लागतं. थर कापडावरून झिजतो, पण त्यातला तो बंध तुटत नाही. म्हणजे 'कायमचं' आपल्या वाट्याला येतच नाही. ते जातं नदीच्या वाट्याला.

टेफ्लॉन बनवताना वर्षानुवर्षं वापरलेलं पीएफओए हे रसायन अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या आसपास लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं. 2019 मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. डोसा तव्याला न चिकटण्याची सोय एकाची, पाणी दुसऱ्याचं. त्या दुसऱ्याला कुणी विचारलं होतं?

मग कल्हईकडे परत जायचं? इतकं सोपं नाही. चिंचेनं भांडी घासून आजीचे हात सोलवटायचे. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. आणि टिकाऊपणा मुळात वाईटही नाही. ॲनोडाइज्ड कढईवरचा कडक थर ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा असतो. झिजला तरी मातीला तो परका नाही.

म्हणून दुकानात 'किती वर्षं टिकेल?' एवढंच विचारून भागत नाही. 'सुटल्यावर जाईल कुठे?' हेही विचारायला हवं. कल्हईवाल्याला हा प्रश्न पडला नसेल. त्याचं काम पुसलं जायचं. आपलं पुसलं जात नाही. म्हणून हा प्रश्न आपल्याला पडायलाच हवा.