तेरची माती आणि डोळे
मायबाप वारकरीहो, तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे आपण माथा टेकतो. देह मातीचे मडके, हे आपणांस निराळे सांगायला नको. तरी नेत्रदानाचे नाव काढले की म्हणतो, "पुढल्या जन्मी आंधळे होऊ!" अहो, चितेवर डोळे जळतातच की, मग सगळेच आंधळे का जन्मत नाहीत? बुबुळ पांढरे पडून दृष्टी गेलेल्या दोघांना तेच डोळे विटेवरचे रूप दाखवतील. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्याचेही चालतात. मूत्रपिंड, यकृताचे निराळे. मेंदू मृत झाल्यावर ती इस्पितळातच, १९९४ च्या कायद्याप्रमाणे, घरच्यांच्या संमतीने घेतात. म्हणून घरात आधीच सांगून ठेवावे. डोळ्यांना मुदत ६ तासांची. पंखा बंद करावा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवावा, नेत्रपेढीस कळवावे. रडणे मागाहून आहेच.