खोक्याची मांडणी आणि तिचा पुढचा धनी

घरपोच आलेल्या मालाच्या रिकाम्या खोक्यांपासून पुस्तकांची, डब्यांची किंवा चपलांची मांडणी तयार करणे हे हल्ली सद्वर्तन समजले जाते, आणि एक वस्तू कचऱ्यात जाण्यापासून वाचली या समाधानापुढे त्याचा अधिक विचार होत नाही. वास्तविक भारतीय शहरात रिकामे खोके कचरा नसतेच. त्याला किलोवर भाव असतो, आणि ते दाराबाहेर पडताच रद्दीवाला, कचरावेचक, भंगाराचा दुकानदार आणि अखेरीस कागद गिरणी असे त्याचे वाटेकरी ठरलेले असतात. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. तेव्हा खोके ठेवून घेणारा गृहस्थ दुसऱ्याच्या मिळकतीतील एक जिन्नस काही काळ आपल्याकडे राखून घेत असतो, असे म्हणणेच वस्तुस्थितीला धरून होईल.

असे राखून घेण्यात गैर काही नाही. पुठ्ठ्याचा पुन्हा लगदा करायचा तर पाणी आणि उष्णता खर्ची पडते, शिवाय प्रत्येक फेरीत कागदाचा तंतू, म्हणजे ज्याच्या गुंफणीवर कागदाचे बळ अवलंबून असते तो लाकडाचा सूक्ष्म धागा, आखूड होत जातो. त्यामुळे आहे त्या रूपातच वस्तू अधिक काळ वापरणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र मांडणी खरोखर टिकावी आणि तिचे काम संपल्यावर पुठ्ठा पुढच्या धन्याच्या हाती धड अवस्थेत पडावा, एवढी जबाबदारी राखून घेणाऱ्यावर येते, आणि ती सुरी-पट्टी हातात घेतल्यापासूनच सुरू होते.

खोक्याचा पुठ्ठा पन्हळी असतो, म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो, आणि या नागमोडी थराच्या दिशेवरच त्याची ताकद ठरते. मांडणीच्या बाजूंमध्ये पन्हळी उभ्या असाव्या लागतात, आडव्या फळीत त्या एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत धावाव्या लागतात, आणि जाड फळीसाठी अनेक थर चिकटवताना मधला एखादा थर आडव्या दिशेने घातला तर फळी सहजासहजी दुमडत नाही. एवढी काळजी न घेता उभारलेली मांडणी पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट भिंतीलगत, पोट काढून खाली बसते. मग नवे खोके, नवी खटपट आणि बहुधा बाजारातून आणलेले नवे कपाट, असा तो प्रवास होतो.

चिकटवण्याच्या बाबतीत तर चांगल्या हेतूनेच नुकसान केले जाते. कारखान्यात पन्हळी जोडण्यासाठी सहसा स्टार्चचा, म्हणजे पिठूळ पदार्थाचा गोंद वापरतात, जो गिरणीच्या हौदात पाण्याबरोबर सुटतो. घरी शिजवलेली मैद्याची खळ त्याच जातीची. (तिला कसर लागू नये म्हणून जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, तो विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात टाळलेला बरा.) याउलट शोभेसाठी वरून डकवलेला प्लॅस्टिकचा चकचकीत कागद आणि सांध्यांवर गुंडाळलेली चिकटपट्टी लगद्यात विरघळत नाहीत, आणि असा माल दुकानदार बाजूला टाकतो. ज्या वस्तूला भाव होता तिचा कचरा सुशोभनाने केला, असा हा उफराटा व्यवहार आहे, आणि तो करणाऱ्याचे कौतुकही होते.

पुठ्ठा हलक्या दर्जाचा असतो हा समज मात्र खोटा आहे. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी १९७२ च्या सुमारास पन्हळी पुठ्ठ्याचे थर चिकटवून खुर्च्या घडवल्या, आणि त्यांतील नागमोडी आकाराची एक खुर्ची आजही महागड्या दालनांत विकली जाते. एकच पुठ्ठा तिथे अभिरुची ठरतो आणि भाड्याच्या खोलीतल्या विद्यार्थ्याच्या मांडणीत तंगी ठरतो; त्या विद्यार्थ्याला नीतीचे धडे देण्याचेही कारण नाही, कारण त्याने दुसरे काही विकत घेणे खरोखरच टाळलेले असते. प्रश्न उरतो तो आठवड्याला चार खोकी मागवणाऱ्या घराचा, जिथे एका मांडणीच्या आडोशाने उरलेल्या खरेदीचा जाब विचारलाच जात नाही.

मांडणी मोडीत काढताना ती उलगडून, सपाट करून, सुतळीने बांधून कोरडीच द्यावी लागते, कारण ओल्या पुठ्ठ्याच्या वजनात दुकानदार घट धरतो आणि ती घट वेचणाऱ्या बाईच्या त्या दिवसाच्या पैशांतून जाते.