टाळ्या थांबल्यानंतर

‘बालगंधर्व’ हा मराठी चित्रपट ६ मे २०११ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन रवी जाधव यांचे, प्रमुख भूमिका सुबोध भावे यांची, गायन आनंद भाटे यांचे आणि निर्मिती नितीन चंद्रकांत देसाई यांची. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही नाटकाची व गाण्याची आवड जपणारी शहरे. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले नाट्यगृह ही नावे आपल्या घरातल्या लहानथोरांना ठाऊक आहेत. आपल्या धर्मग्रामांतल्या कित्येक कुटुंबांनी हा चित्रपट आवडीने पाहिला असेल. त्यातील गाणी आणि शालूंचा थाट लक्षात राहतो. पण चित्रपटात वैभवाबरोबर कर्जही आहे आणि टाळ्यांबरोबर एकटेपणही आहे. तो पाहून झाल्यावर एक प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो. ज्या माणसाने आपल्याला इतका आनंद दिला, त्याच्या पडत्या काळाकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे? आणि त्याचे आपण काही देणे लागतो का?

प्रथम त्यांचे आयुष्य थोडक्यात पाहू. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीचे त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटले आणि तेच नाव कायम झाले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत त्या काळात त्यांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला. १९१३ मध्ये त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. रसिकांना खरे तेच द्यायचे, म्हणून खरे दागिने, उंची वस्त्रे, भारी अत्तरे आणि कंपनीत रोजच्या पंगती. कर्ज वाढत गेले. मग बोलपट आले, स्त्रिया रंगमंचावर आल्या, वय झाले, अंगाची नजाकत गेली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, पण जुने दिवस परत आले नाहीत. उतारवयात पाय निकामी झाले. ज्यांच्या तिकिटासाठी गर्दी लोटत असे, ते भजने गाऊन दिवस काढू लागले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे पुण्यातले भव्य रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले, म्हणजे त्यांच्या मृत्यूला एक वर्ष होत आले तेव्हा.

आता पहिला प्रश्न. एखाद्याची उधळपट्टी, चुकलेले हिशेब, घरातली दुःखे पडद्यावर मांडणे योग्य आहे का? आपला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेविषयी बोलताना सांगतो की, केवळ खोटे बोलणे हेच पाप नव्हे. पुरेसे कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष, ज्यांना ते ठाऊक नाहीत अशांना सांगत सुटणे हेही पाप आहे (परिच्छेद २४७७). ‘जे खरे आहे तेच मी सांगितले’ ही सबब आपण चर्चच्या आवारात आणि सोसायटीच्या जिन्यात नेहमी देतो. ती पुरेशी नाही.

पण बायबलमध्ये दावीद राजाची कथा आहे. तोही गाणारा, वाद्य वाजवणारा, लोकांचा लाडका. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बथशेबा आणि उरीया यांच्या बाबतीत त्याने केलेले पाप काहीही न झाकता सांगितले आहे (अध्याय ११ व १२). तोच काळ इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातही येतो. तिथे मात्र या पापाचा उल्लेख नाही. दोन्ही पुस्तके आपल्या पवित्र शास्त्रात आहेत. म्हणजे सांगण्याचीही वेळ असते आणि मौनाचीही. शमुवेलाचा लेखक ते पाप सांगतो, कारण नाथान संदेष्टा दाविदासमोर उभा राहतो, राजा पश्चात्ताप करतो आणि देवाची दया प्रकट होते. उरीयावर झालेला अन्यायही त्यामुळेच विसरला जात नाही. सांगणे माणसाला उभे करण्यासाठी आहे की त्याच्या पडण्याची मजा पाहण्यासाठी, ही खरी कसोटी आहे. ती चित्रपट काढणाऱ्याला जशी लागू आहे, तशी तिकीट काढून आत बसणाऱ्या आपल्यालाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कोणी म्हणेल, ‘कर्ज त्यांनी स्वतः केले. अत्तराच्या बाटल्या आम्ही मागितल्या नव्हत्या. आम्ही तिकिटाचे पैसे दिले, व्यवहार संपला.’ या म्हणण्यात तथ्य आहे. देवाने दिलेल्या पैशाचा हिशेब प्रत्येकाला द्यावा लागतो. कलावंत म्हणून कोणाला त्यातून सूट नाही, आणि त्यांच्या हौसेची किंमत घरच्यांनीही मोजली. पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण आज किती जण काढतात? प्रतिभावंताची कीव करताना त्याच्यामुळे सोसलेल्यांना विसरणे हाही अन्यायच आहे.

तरीही व्यवहार खरोखर संपतो का? मुलीच्या मृत्यूच्या दिवशी झालेल्या त्या प्रयोगाचे आपण शंभर वर्षांहून अधिक काळ कौतुक करत आलो आहोत. त्या रात्री तिकिटाच्या पैशांत बसणार नाही असे काहीतरी प्रेक्षकांना मिळाले. जो समाज अशा त्यागाला टाळ्या देतो, तो कलावंताला हळूहळू हेच शिकवत असतो की, तुझे दुःख पडद्यामागे ठेव, आम्हांला फक्त गाणे दे. मग तो माणूस थकतो तेव्हा पडद्यामागे कोणी पाहायला जात नाही. संत पौल रोमकरांस लिहितो की, कोणाचे काही देणे ठेवू नये, मात्र एकमेकांवर प्रीती करण्याचे देणे राहतेच (१३:८). सावकाराचे कर्ज फिटू शकते. हे दुसरे देणे तिकीट काढून फिटत नाही.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकन गायिका-अभिनेत्री ज्यूडी गार्लंड यांच्या अखेरच्या दिवसांवर २०१९ मध्ये ‘ज्यूडी’ हा चित्रपट आला. बालपणापासून स्टुडिओने राबवलेली, गोळ्या आणि मद्य यांत अडकलेली, कर्जबाजारी झालेली ही स्त्री लंडनमध्ये कार्यक्रम करते. कधी ती उशिरा येते, कधी लोक तिची हुर्यो उडवतात. शेवटी गाता गाता तिचा आवाज थांबतो, तेव्हा समोर बसलेले प्रेक्षक उठून तेच गाणे तिच्यासाठी पुढे गाऊ लागतात. १९६९ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी ती वारली.

बालगंधर्वांच्या आयुष्यात ते गाणे पुढे नेणारी व्यक्ती म्हणजे गोहरबाई कर्नाटकी. त्या मुस्लिम गायिका. त्यांच्यावरून समाजाने पुष्कळ बोल लावले. त्या नात्याची सुरुवात कशी झाली याचा निवाडा आम्ही करणार नाही. लक्ष्मीबाईंचे दुःख लक्षात ठेवून एवढेच म्हणू की, पायांनी अधू झालेल्या माणसाची सेवा करायला टाळ्या वाजवणारे हजारो हात आले नाहीत, ही बाई राहिली. प्रभू येशूने दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगितला, तेव्हा ऐकणाऱ्यांना असेच अवघडल्यासारखे झाले असेल (लूक १०).

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या नितीन देसाई यांनी हा चित्रपट काढला, त्यांनीच कर्जाच्या ओझ्याखाली असताना २ ऑगस्ट २०२३ रोजी कर्जतच्या आपल्या स्टुडिओत जीवन संपवले. आपली ख्रिस्तसभा जीवन हे देवाचे दान मानते. पण अशा रीतीने गेलेल्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असेही तीच शिकवते (परिच्छेद २२८३). बाहेरून भव्य दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते आपण वेळेवर विचारत नाही. कर्ज, व्यसन किंवा निराशा यांनी आपल्यातल्या कोणाला घेरले असेल, तर त्याने लाज बाळगू नये. घरच्यांशी, डॉक्टरांशी, आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. आणि ज्याच्याशी तो बोलेल त्याने ते गुपित जपावे.

बालगंधर्व आपल्यापासून दूर वाटतील. पण प्रत्येक धर्मग्रामात असे कोणीतरी असते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत, लग्नात, अंत्यविधीत ज्यांनी वर्षानुवर्षे गाईले, पेटी किंवा व्हायोलिन वाजवले, मुलांना गायन शिकवले. आता आवाज कापतो, गुडघे दुखतात, डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय उतरता येत नाही. कोणाच्या बाबतीत दारूची सवय किंवा घरातला कलह असतो. तेवढे आपण बरोबर लक्षात ठेवतो, आणि त्यांचे गाणे विसरतो.

गायकवृंदातल्या तरुणांना आमची एक विनंती आहे. या महिन्यातला एक रविवार निवडा. मिस्सा संपल्यावर अशा एखाद्या ज्येष्ठाच्या घरी चारपाच जण जा. जाण्यापूर्वी फोन करा, म्हणजे त्यांना आवराआवर करता येईल. सत्काराची शाल नेऊ नका, फोटो काढू नका. त्यांनीच शिकवलेले एखादे जुने गीत त्यांच्या सुरात, त्यांना झेपेल त्या पट्टीत गा. मध्येच त्यांचा आवाज थांबला, तर तुम्ही थांबू नका.