विषाला पाप लागतं का?

प्रवाळखडकांत राहणारी ‘कोनस जिओग्राफस’ ही समुद्री गोगलगाय पाण्यात इन्सुलिन सोडते. जवळच्या माशांच्या रक्तातली साखर उतरते, ते सुस्तावतात आणि ती तोंड पसरून त्यांना गिळते. तिच्या दंशाने माणसंही दगावली आहेत. दयाळू ईश्वराच्या सृष्टीत हे क्रौर्य कशाला, हा प्रश्न श्रद्धावानालाही छळतो. माझं म्हणणं असं, की इथे वेदना आहे, पाप नाही. दुसरं काही करता येत असताना केलेली इजा म्हणजे पाप. गोगलगायीपुढे असा पर्यायच नसतो.

कुणी म्हणेल, विषातही ईश्वराची योजना आहे. तिच्याच जातकुळीतल्या ‘कोनस मेगस’ या गोगलगायीच्या विषातून सापडलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडल्यावर ते वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच अडवतं. पण आपला फायदा झाला म्हणून माशाचं मरण न्याय्य ठरत नाही. माणूस जन्मण्याआधीही या गोगलगायी शिकार करतच होत्या. मग निसर्गात पाप नाही, तर आपणही मोकळे का? मुळीच नाही. विषाने मारायचं की वेदना शमवायची, हे माणूस ठरवू शकतो. निवड आपल्या हाती आहे, म्हणूनच जबाबदारीही आपली आहे.