आजीचे ऋण



एखादी नव्वदीची आजी देवाघरी गेली की मयताच्या मिस्सानंतर एक वाक्य हमखास कानी पडते : "तिने स्वतःसाठी कधी काही मागितले नाही." हे वाक्य आपण आदराने उच्चारतो. पण त्यावर क्षणभर थांबून विचार करायला हवा.

आपल्या वसईतल्या कितीतरी आज्यांनी पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन रेल्वेने मुंबईचा बाजार गाठला, परतल्यावर वाडी सांभाळली, संध्याकाळी नातवंडांना गोळा करून रोजरी म्हटली आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरले ते आपल्या ताटात घेतले. हा त्याग होता, की तिला दुसरा मार्गच नव्हता? ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नसते, त्याच्याकडून घेतलेल्या गोष्टीला दान म्हणता येत नाही.

मग आजीचे प्रेम खोटे होते काय? मुळीच नाही. कष्ट लादता येतात, प्रेम लादता येत नाही. परिस्थितीने कष्ट दिले. त्यांत प्रेम मात्र तिने स्वतःहून ओतले. म्हणून ह्या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवू या. तिच्या प्रेमाचे आपण वारस आहोत. तिचे कष्ट सुनेच्या किंवा लेकीच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. "आमची आजी सगळे एकटी करायची" असे सुनेला ऐकवण्यात आजीचा सन्मान नाही.

आईवडिलांचे ऋण पूर्णपणे फेडता येत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटलचे मत होते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराला न्याय ह्या सद्‌गुणाशी जोडले. म्हणजे आजीची आठवण ठेवणे हा केवळ भावनेचा प्रश्न नाही, ते आपले देणे आहे. संत पॉलनेही तिमथीला लिहिताना त्याच्या श्रद्धेचा उगम सांगितला, तेव्हा आधी त्याची आजी लोईस हिचे नाव घेतले.

आणि आज्या काही मागत नाहीत, हेही पूर्ण खरे नाही. संत मोनिका इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे मरणाच्या दारी होती. आपला देह कुठेही पुरा, परंतु प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण करा, एवढेच मागणे तिने मुलांकडे केले. तिने मागितले, कारण ऐकायला मुले जवळ बसली होती.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा जागतिक दिन म्हणून सुरू केला. पण त्या दिवसाची वाट कशाला पाहायची? ज्यांची आजी देवाघरी आहे, त्यांनी तिच्या नावाने मिस्सा अर्पण करावा. ज्यांची आजी घरी आहे, त्यांनी आज जेवताना तिचे ताट आधी वाढावे आणि तिला विचारावे, "आजी, तुला काय हवे?" उत्तर यायला वेळ लागेल. तोवर आपण उठू नये.