कोरडें मन आणि मुखींचें गीत

मंडळीपुढें उभें राहून देवाचें नांव घेणाऱ्यास एक प्रश्न केव्हां ना केव्हां गांठतोच. ज्या दिवशीं अंतःकरण कोरडें पडलें आहे, प्रार्थना ओठांपर्यंत येत नाहीं, घरांतून रागावून बाहेर पडलों आहों, त्या दिवशीं उपदेश करावा कीं गप्प बसावें? बोलावें तर ढोंग होतें. न बोलावें तर सेवेंत चुकारपणा होतो. शहरच्या पाळकाच्या जागीं दुसरा कोणी उभा राहूं शकतो. खेड्यांतील उपदेशकाचा रविवार सहसा दुसरा कोणी घेत नाहीं.

ह्या प्रश्नावर प्रकाश पाडणारें एक उदाहरण अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतल्या ‘स्ट्रायपर’ नामक गायकमेळ्याच्या चरित्रांत सांपडतें. १९८३ सालीं मायकेल व रॉबर्ट स्वीट ह्या बंधूंनीं आपला जुना मेळा सोबत्यांसह ख्रिस्ताच्या सेवेस वाहिला, आणि त्यास हें नवें नांव दिलें. त्यांचें संगीत ‘हेवी मेटल’ जातीचें, म्हणजे विजेच्या गिटारींचें व कान दणाणून सोडणाऱ्या ढोलांचें. अंगांत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे घट्ट पोषाख, खांद्यांवर रुळणारे केंस. नांवाखालीं मात्र यशयाच्या ५३ व्या अध्यायांतील ५ व्या वचनाचा निर्देश असे. जुन्या इंग्रजी शास्त्रांत तेथें जो शब्द आहे त्याचे अर्थ दोन आहेत: कापडावरील पट्टा, आणि फटक्यानें पाठीवर उठलेला वळ. तेव्हां अंगावरचे हे पट्टे तारणाऱ्याच्या वळांची आठवण देवोत, असा त्यांचा भाव होता. गाणें चालूं असतां ते नव्या कराराच्या प्रती श्रोत्यांच्या गर्दींत फेंकीत. १९८६ सालचा त्यांचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ हा गीतसंग्रह एकट्या अमेरिकेंत दहा लक्षांवर खपला.

वाद्यांच्या गोंगाटाविषयीं पुष्कळ वाद झाला. तो येथें लांबवीत नाहीं. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रांत मोठ्यानें वाजणाऱ्या झांजाहि आहेत, आणि ज्यांच्या मंडळींत भजनास टाळ-मृदंग चालतो त्यांनीं दुसऱ्याच्या ढोलावर फार रागावूं नये.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. जिमी स्वॅगर्ट नांवाचा प्रसिद्ध उपदेशक त्या काळीं दूरचित्रवाणीवरून उपदेश करीत असे. १९७५ सालीं स्वीट कुटुंब त्याचाच उपदेश ऐकून ख्रिस्ताकडे वळलें. मायकेल तेव्हां अवघा बारा वर्षांचा होता. पुढें त्या मुलांचें मन दुसरीकडे गेलें, आणि तीं परत वळलीं तेव्हां हा मेळा निघाला. पण त्याच स्वॅगर्टनें ख्रिस्ती रॉक संगीताचा कडक निषेध केला, आणि शास्त्राच्या प्रती अशा गर्दींत फेंकणें म्हणजे डुकरांपुढें मोतीं टाकणें होय, असा ठपका ठेविला. १९८८ च्या फेब्रुवारींत स्वॅगर्टवरच आपल्या मंडळीपुढें रडत पापाची कबुली देण्याची पाळी आली. कोणाच्या पडण्यांत आनंद मानूं नये. परंतु ज्याचें पाऊल पुढें घसरलें, त्याच्याच मुखांतून १९७५ सालीं पेरलेलें बीं त्यामुळें खोटें ठरलें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

मग मेळ्याचीहि पाळी आली. १९९० सालीं ‘अगेन्स्ट द लॉ’ हा संग्रह निघाला. त्यांत पट्टे गेले, आणि गीतांतून ख्रिस्ताचें नांवहि जवळजवळ नाहींसें झालें. त्या दिवसांत आपण मद्यपान करीत होतों, मनांत कडवटपणा होता, हें मायकेल स्वीटनें पुढें स्वतः उघडपणें सांगितलें आहे. जुने श्रोते दुखावले. १९९२ सालीं तो मेळा सोडून गेला.

कोणी म्हणतील, हे लोक भ्रष्ट झाले. कोणी म्हणतील, निदान अपवित्र मुखानें पवित्र शब्द तरी गाइले नाहींत, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्या पदरीं टाका. पौलाच्या दोन वचनांकडे पाहिलें असतां हा गुंता कांहींसा सुटतो. बंदिवासांतून फिलिप्पैकरांस लिहितांना तो सांगतो कीं, कित्येक जण हेव्यानेंहि ख्रिस्ताची घोषणा करितात, तरी घोषणा होते ह्यांत मला आनंद आहे. तोच पौल करिंथकरांस लिहितो कीं, इतरांस उपदेश करून मी स्वतः नापसंत ठरूं नये म्हणून देहाला दास करून ठेवितों. पहिलें वचन ऐकणाऱ्याच्या हिताचें आहे, दुसरें बोलणाऱ्याच्या. १९८९ सालीं गर्दींत ज्यानें पुस्तक झेललें असेल त्याच्या हातीं खरेंच पुस्तक पडलें. फेंकणाऱ्याच्या मनांत काय चाललें होतें ह्यानें त्यांतील एक अक्षरहि बदललें नाहीं. पण पखालींतलें पाणी गांवभर वांटून पखालवाल्याची तहान भागत नाहीं. त्यानें निराळें ओंजळभर प्यावें लागतें.

आमच्या मतें त्या तरुणांचा दोष पवित्र गीतें थांबविण्यांत नव्हता. दोष हा कीं, मन थकलें आहे हें त्यांनीं कोणा वडील बंधूस वेळीं सांगितलें नाहीं, आणि त्याच नांवाखालीं दुसरेंच गाणें सुरू केलें. कोरड्या दिवशीं उपदेशकानें शास्त्राचा अध्याय साधेपणानें वाचावा, मंडळीचें जुनें गीत मंडळीबरोबर गावें, आणि जो कढ आंत नाहीं तो आवाजांत आणूं नये. शब्द आपले नाहींत, म्हणून ते उच्चारण्यांत ढोंग नाहीं. ढोंग असतें तें उसन्या अश्रूंत. सोमवारीं मात्र पाळकाच्या घरीं जाऊन खरें काय तें सांगावें.

मेळा २००३ सालीं पुन्हां एकत्र आला, आणि ख्रिस्ताचें नांव गीतांत परत आलें. २००९ सालीं मायकेलची पत्नी कर्करोगानें वारली. त्याच वर्षीं त्यांचा ‘मर्डर बाय प्राइड’ हा संग्रह निघाला. २०१८ सालीं गिटारवादक ऑझ फॉक्स ह्यास रंगमंचावरच झटका आला व मेंदूंत गांठी आढळल्या. तरी २०२४ च्या सप्टेंबरांत निघालेल्या ‘व्हेन वी वेअर किंग्ज’ ह्या संग्रहांतहि तो वाजवितो आहे. नांवाचा अर्थ, ‘आम्ही राजे होतों तेव्हां’. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या चौघांपैकीं तिघे १९८३ सालचेच आहेत.