तांबडी खूण

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही त्याच्या मनाला येईल तेव्हा. म्हणून इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या दोनच वाटांनी बाहेर पडत आली. एक वाट मुंबईची, दुसरी पलटणीची. अशाच एका वाडीतला एक मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला. रिवाजाप्रमाणे सगळं गाव त्याला ‘मेजर’ म्हणू लागलं.

नोकरीत मेजरनं जैसलमेरची वाळू बघितली आणि सियाचीनचा बर्फ बघितला. दोन्हीकडं नजर पोहोचेल तिथवर हिरवं पान नव्हतं. पहाऱ्यावर उभं राहून तो मनातल्या मनात आपल्या चार एकरांत डाळिंबाची रोपं लावायचा, ओळी आखायचा, आळी करायचा. बायको इकडं दुसऱ्यांच्या बांधांवरून गवत कापून दोन म्हशी सांभाळत होती. निवृत्तीचे पैसे हातात आले त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “माझ्या रानात मला सावलीला बसायचंय.” त्या बागेवर दोघांच्याही तरुणपणाचा हक्क होता.

पाणाड्या आला. तळहातावर नारळ धरून तो रानभर फिरला, आणि ओढ्याकाठच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. ओढ्याच्या पलीकडं दीडशे पावलांवर मेजरच्या थोरल्या वहिनीची विहीर होती. थोरला भाऊ लवकर गेला होता. वहिनीची विहीर तिच्या नावावर असली तरी वस्तीतली चौदाही घरं तिच्यावरच पाणी भरायची. मेजरनं तलाठ्याकडं आणि पंचायतीत चौकशी केली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असा राज्याचा कायदा आहे. गावाची नळयोजनेची विहीर त्याच्या रानापासून बरीच लांब होती. वहिनीची विहीर खासगी, म्हणून पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्रोत अशी तिची कागदावर कुठं नोंद नव्हती. कायद्याची आडकाठी नव्हती.

बोअरची गाडी रात्रभर धडधडत राहिली. राखाडी भुकटी उडाली, मग ती ओली झाली, आणि पहाटे पाण्याचा फवारा वर आला. बायकोनं हात जोडले. सकाळी ओढा ओलांडून वहिनी आली, ओटीतला नारळ बोअरपाशी ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, “भावजी, लई वर्षांचं तुमचं मनात होतं. देवानं ऐकलं.”

मोटार बसली. पाण्याला खळ नाही ना, हे बघायला मेजरनं रात्रपाळीच्या विजेवर ती चार-पाच रात्री सलग चालवली. पाणी कमी झालं नाही. रोपांची आगाऊ रक्कम देण्यासाठी तो निघाला, तेव्हा वहिनीच्या विहिरीवर एक पोरगी पोहरा ओढत होती. पोहऱ्याच्या जुन्या काळपट दोरीला वरच्या टोकाला हातभर नवा, पिवळा तुकडा बांधला होता.

मेजर थांबला. दोरी कमी पडल्याशिवाय कुणी तुकडा जोडत नाही.

त्या रात्री त्यानं एका सुतळीला हातहात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि कुणाला न सांगता विहिरीची पातळी मोजली. नंतर मोटार सुरू केली. पहाटे पुन्हा मोजलं. पाणी दोन गाठी खाली गेलं होतं. दुसऱ्या रात्री मोटार बंद ठेवली, तर सकाळी एकच गाठ वर आली. तिसऱ्या रात्री पुन्हा मोटार, पुन्हा पाणी खाली. संशयाला जागा राहिली नाही.

माणसाची खरी परीक्षा अशा वेळी होते. मेजरला जे कळलं होतं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. फाल्गुनात विहीर आटली असती तर वस्तीनं पावसाला दोष दिला असता, टँकरचा अर्ज केला असता आणि प्रश्न तिथंच मिटला असता. त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. त्यानं सुतळी गुंडाळून खिशात घातली असती तरी चाललं असतं.

तो सकाळीच वहिनीच्या अंगणात गेला आणि गाठींचा हिशेब सांगून टाकला. वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक हाय. दोरी जोडली ती मीच.”

“मग बोलला का नाही?”

“कोणत्या तोंडानं बोलू? तुमचे दादा गेले तेव्हा माझी दोन्ही पोरं लहान होती. तुम्ही तिकडं बर्फात उभं राहून मनीऑर्डर धाडायचा, त्यावर ती शिकली. तुम्ही आयुष्यात एक गोष्ट मागितली, ती मी मोडू व्हय? आटली विहीर तर खालच्या अंगाच्या झऱ्यावरनं आणीन पाणी.”

“आणि बाकीची तेरा घरं?”

वहिनीकडं याला उत्तर नव्हतं. तिनं स्वतःचा त्रास ठरवून टाकला होता, पण दुसऱ्यांचा त्रासही त्याच मौनात वाहून चालला होता, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी येऊन मेजरनं बायकोला सांगितलं, “बोअर बंद करतो.” सैनिकाला त्याग करायला फार वेळ लागत नाही. पण बायकोचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “तुम्ही पलटणीत गेला तेव्हा मला विचारलं नव्हतं, आता सोडतानाबी विचारत नाही. वस्तीला पाणी मिळालंच पाहिजे. पण एकदम शून्य कशाला म्हणता? किती झाडं ठेवता येतील, ते कुणाला तरी विचारा की.”

तिचं बोलणं खरं होतं. इच्छा पुरी करण्याच्या नादात जशी माणसं शेजाऱ्याला विसरतात, तशी त्यागाच्या नादात घरच्यांना विसरतात. दोन्ही वेळा निर्णय एकटाच घेतो आणि भरपाई दुसरा करतो.

दोघं मिळून निवृत्त गुरुजींकडं गेली. गुरुजींनी पाटी-पेन्सिलच घेतली. “डाळिंब एकरी साधारण ३०० झाडं. चार एकरांत १२००. ऐन उन्हाळ्यात ठिबकनं झाडाला दिवसाला ३० लिटर धरू. झाले ३६,००० लिटर. आता वस्ती. माणसं ७०, माणशी ५५ लिटर. झाले ३,८५०. गुरं ४०, सरासरी ५० लिटर. झाले २,०००. म्हणजे वस्तीची रोजची गरज ६,००० लिटरच्या आत. मेजर, तुमच्या बागेचा एक दिवस म्हणजे वस्तीचे सहा दिवस.”

मेजर पाटीकडं बघत राहिला. गुरुजी पुढं म्हणाले, “आपल्याकडं खाली काळा पाषाण. मुरमातून मुरलेलं पाणी खडकाच्या भेगांतच काय ते साठतं. बांध जमिनीवर असतात, भेगांना सातबारा नसतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिथं पाणी जमिनीवर न वाटता माणसांवर वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. नगरकडं हिवरे बाजारात दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, मग उरेल तसं पीक ठरतं. तिथंही लोकांना इच्छा असतातच. त्यांनी फक्त रांग ठरवली.”

“मग आम्ही काय करावं?” बायकोनं विचारलं.

“तुम्ही आंबे बहार धरायला निघालात. त्याला नेमकं उन्हाळ्यात पाणी लागतं. मृग बहार धरा. फळ पावसाच्या पाण्यावर वाढेल, दिवाळीनंतर तोडणीला येईल, आणि उन्हाळ्यात झाडं ताणावर राहतील. जगण्यापुरतं पाणी दिलं की झालं. मृगात तेल्या रोगाचा धोका जास्त, भावही कधीकधी कमी मिळतो. तोटा सोसावा लागेल, हे आधीच सांगतो. पण एका एकराची बाग होईल.”

चार एकरांचा एक एकर झाला. बाकीच्या रानात बाजरी आणि मटकी, बांधांवर पावसावर येणारी सीताफळं. वाचलेल्या पैशांतून मेजरनं वरच्या माळावर चर खोदायला घेतले. दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं आपापली टिकाव-फावडी घेऊन सावडीला आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दोरीची गोष्ट वहिनीनंच घरोघर सांगितली होती.

वहिनीच्या विहिरीत मेजरनं तांबड्या रंगानं एक खूण केली आणि सगळ्यांसमोर बोलला, “पाणी या खुणेच्या खाली गेलं की माझी मोटार बंद. मी नसलो तर कुणीही येऊन बंद करायची.” दोनदा तसं झालंही. एकदा तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं येऊन बटण दाबलं, आणि मेजरच्या बायकोनं तिला चहा पाजून पाठवलं.

पुढं एका वर्षी पाऊस खरोखरच दगा देऊन गेला. माघातच पाणी खुणेखाली गेलं. मोटार बागेसाठी बंद झाली आणि बोअरचं पाणी वस्तीच्या टाकीत पडू लागलं. त्या उन्हाळ्यात वाडीत टँकर आला नाही, पण ३०० झाडांतली ऐंशीच्या वर वाळली. ती तोडताना मेजरची बायको रडली आणि मेजर तिच्याजवळ बसून राहिला. संध्याकाळी वहिनी दोन घागरी घेऊन आली आणि तिनं जगू शकतील अशा झाडांच्या बुंध्याशी त्या ओतल्या. दुसऱ्या दिवसापासून चौदाही घरांतून भांडी घासल्याचं पाणी बादल्यांनी बागेकडं येऊ लागलं. तेवढ्यानं सगळी झाडं वाचली नाहीत. काही वाचली.

आज ती बाग एक एकराहून थोडी कमीच आहे. मेजरच्या मनातली चार एकरांची बाग कधी झाली नाही, होणारही नाही. बायकोला सावली मात्र मिळाली, आणि त्या सावलीत वस्तीतली कुणीही बाई कळशी टेकवून बसू शकते.

या कथेचं तात्पर्य सांगायचं तर, इच्छा धरणं हे पाप नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला तीच उभं ठेवते. पण इच्छा पुरी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परका माणूस आपलं नुकसान झालं की भांडायला येतो, त्याच्यासाठी कायदाही धावतो. आपल्यावर जीव टाकणारी माणसं मात्र दोरीला तुकडा जोडतात आणि गप्प राहतात. त्यांचं प्रेम त्यांना तक्रार करू देत नाही. म्हणून त्यांच्या तक्रारीची वाट बघत बसणं हा अन्यायच आहे. त्यांच्या विहिरीत आपणच दोरी सोडायची, दिसेल तो आकडा खरा मानायचा, आणि आपली मोटार बंद करण्याचा अधिकार त्यांच्या हातात द्यायचा. एवढं करून जे उरेल, ते निःसंकोच आपलं म्हणावं आणि आनंदानं भोगावं.